सहावा रोजा आणि माझी संकष्टी

चाचा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसलोय. उशीर करायची माझी सवय तुम्हाला नवी नाही. शुक्रवारची सुट्टी आहे, दुपारचे दोन वाजलेत, इथे आखातात, बनेद अल-गारच्या खोलीत एसी घरघरतोय. बायको आणि मुलगी तीन वर्षांपूर्वी चिपळूणला परतल्या, मुलीच्या कॉलेजसाठी. फोनवर मुलीला विचारलं, कशी आहेस गं, की ‘आय अ‍ॅम फाइन, पप्पा’ म्हणते आणि आईकडे फोन देते. आई म्हणते, गॅसवर दूध आहे, नंतर बोलू. मग म्हटलं, तुमच्याशीच बोलावं. जिवंत होतात तेव्हा एक वाक्य पुरं करू दिलं नाहीत मला, आता ऐकाच.

तुमच्यापाशी एक खोटं राहिलंय माझं. सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा नवाच आलेलो, कागदावर कुक आणि प्रत्यक्षात कांदे सोलणारा. तुम्ही मुख्य आचारी, आमच्याच किनाऱ्यावरचे, दाभोळकडचे. पहिल्या दिवशी माझं गाव ऐकून म्हणालात, “मग मासं तरी साफ करता येता काय, की नुस्ता खाता येता?” आणि त्या दिवसापासून मला बोटाला धरून शिकवायला घेतलंत. मग रमजान आला. किचनमध्ये रोजा न धरणारा मी एकटाच. तुम्ही चव घेणार नाही, वासावर स्वयंपाक करणार, आणि शेवटी मीठ बघायला मला हाक मारणार. भल्या मोठ्या पातेल्यांवर तो एक चमचा फिरवताना माझी छाती फुगायची. सगळ्या किचनची जीभ माझ्या तोंडात होती हो!

सहावा रोजा. एका ऑफिसच्या इफ्तारचं जेवण, दोनशे माणसांचं मचबूस, म्हणजे इथला मटणाचा भात. मटणाच्या पाण्यात मीठ पडलंय, भातातही पडलंय, आणि कोणी किती टाकलं याचा मेळ नाही. तुम्ही हाक मारता, “मीठ बघ रं.” मी चमचा तोंडात घालतो. काहीच कळत नाही. पुठ्ठा चघळावा तसं लागतं. त्याआधी चार दिवस मी नुसत्या चहावर होतो, घास गळ्याखाली उतरतच नव्हता. घरची आठवण म्हणतात ती अशी पोटात बसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगायचं कोणाला? जेवत नाही म्हटलं तर आजारी म्हणून पहिल्या विमानाने परत धाडतील, एवढंच डोक्यात. मी मान हलवतो. “बरोबर आहे चाचा.”

डबे गेले आणि तासाभरात फोन आला, भात खारट, तोंडात घालवत नाही. मॅनेजर तुमच्यावर सगळ्यांसमोर ओरडला, आणि तुम्ही, तीस वर्षं मुरलेले आचारी, खाली बघून म्हणालात की माझा हात चुकला. मग मला कोठीत नेलंत. तांदळाच्या पोत्यांमध्ये उभं केलंत. “मिठाचा काय नाय, मीठ कुणाचाबी चुकता. माजी जीभ तुज्याकडं ठेवलेली, ती खोटा का बोलली?” मला खरं सांगवेना. तोंडातून निघून गेलं, “संकष्टी आहे चाचा. उपास आहे. मी तोंडात घातलंच नाही.” तुम्ही विचारलंत, “कदी सुटता तुजा उपास?” “चंद्र दिसल्यावर.” तुम्ही माझं मनगट धरून मला मागच्या दाराशी नेलंत. अजान होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. वर बोट दाखवलंत. “तो काय चंद्र. दिसला ना? सोड मग.” आणि माझ्या हातात खजूर ठेवलात. मी मूर्ख! मला वाटलं, देवच पावला, सुटलो.

त्या दिवसापासून महिनाभर तुम्ही मला शेजारी घेऊन बसलात. रोज एकच थट्टा, “काय रं, आज कुठला उपास?” आणि ताटात भात. तुमच्यासमोर पान टाकायची हिंमत कुणाची होती! आठवड्याभरात मला मीठ कळायला लागलं. पण मनात टोचत राहिलं, की एका देवभोळ्या माणसाला मी देवाच्या नावाने फसवलं. तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात तेव्हा विमानतळावर सांगणार होतो. तुम्ही म्हणालात, “सामान बघ, बडबड नको.” राहिलं ते राहिलंच.

आता मजा ऐका. गेल्या वर्षापासून कंपनीने मला एक नवंच काम दिलंय. कामावर राहून जे शिकतात, परीक्षा देतात, त्यांचा दर गुरुवारी पाळी संपल्यावर तासभर अभ्यास घ्यायचा आणि त्यांची ख्यालीखुशालीही विचारायची. त्यासाठी एक फॉर्म आहे. त्यावर पाच चेहरे छापलेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि आपला कुठला त्यावर खूण करायची. सगळे हसऱ्यावर खूण करतात आणि सही ठोकतात. तुम्ही असतात तर त्या फॉर्ममध्ये खजूर बांधून वाटला असतात. माझ्याकडे लातूरकडचा एकजण होता, अडतीस वर्षांचा, हाताला अशी चव की विचारू नका. अन्नसुरक्षेच्या परीक्षेत दोनदा नापास. तिसऱ्यांदा झाला तर करार संपला की परत जायचं, असं त्याला स्पष्ट सांगितलेलं. दर गुरुवारी हसरा चेहरा. “कायबी अडचण नाही सर, सगळं समजतंय.” गाल आत गेलेले, आणि म्हणे समजतंय.

तीन महिन्यांपूर्वी आम्ही त्याच्या अभ्यासाचं वेळापत्रक करत होतो. भिंतीवर इथलं कॅलेंडर, अरबी तारखांचं. टेबलावर त्याने गावाहून आणलेलं मराठी. तो संकष्टी धरतो, त्या दिवशी परीक्षा नको म्हणाला. भिंतीवरचं उतरवून, दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून तो बोट फिरवत होता आणि सहज म्हणाला, “सर, गंमत बघा. आपली संकष्टी दर महिन्याला यांच्या सतरा-अठरा तारखेलाच पडतीय. चंद्र एकच हाय ना शेवटी.”

चाचा, मी बोटांवर मोजलं. सतरा-अठरा! तो सहावा रोजा होता. संध्याकाळी अजानच्या वेळी चंद्र डोक्यावर होता, अर्ध्याला आलेला. संकष्टीचा चंद्र कधी असा उजेडी वर असतो का? तो उगवायला रात्रीचे नऊ वाजतात, लोक उपाशीपोटी वाट बघून थकतात. आणि तुम्ही तर रमजानभर चंद्रावर दिवस मोजणारा माणूस. तुम्हाला कोठीतच कळलं होतं. चंद्र दाखवलात तेव्हा तुम्ही मला माझं खोटं दाखवत होतात आणि वर जेवूही घालत होतात. सत्तावीस वर्षं मी उगाच अपराधी म्हणून फिरलो, आणि तुम्ही तिकडे मिशीत हसत असाल. असा राग आला तुमचा. मग कोठीत जाऊन रडलो. खोटं कशाला सांगू.

पुढच्या गुरुवारी मी फॉर्म काढलाच नाही. दोन माणसांचा वरण-भात नि सुकट नेली आणि म्हटलं, आधी जेवू. त्याने विचारलं, सर, चेहरा? म्हटलं, चेहरा गेला खड्ड्यात, वाढ. तीन गुरुवार तो गप्प जेवला. चौथ्या गुरुवारी हात थांबला. “सर, मला इंग्रजी वाचताच येत नाही. पाचवीपतूर शाळा. पेपर पुढं आला की नुसते गोल काळे करतो.” एवढंच होतं. मी ऑफिसात भांडलो, चांगला आवाज चढवून, आणि पेपर हिंदीतून तोंडी घ्यायला लावला. पट्ठ्याने सगळं सांगितलं, कच्चं कुठं ठेवायचं, शिजलेलं किती गरम, एकेक. पास झाला. आणि पास झाला म्हणून कंपनीने त्याला लांब फहाहीलच्या किचनला बढतीवर पाठवला. झालं तेच व्हायला हवं होतं. तरी काल गुरुवारी मी सवयीने दोघांचं घेऊन गेलो आणि डबा तसाच परत आणला.

तुमच्या मुलाचा नंबर आहे माझ्याकडे. हे लिहिलेलं त्याला पाठवता येईल, पण तो घाबरून फोन करेल, तब्येत बरी आहे ना विचारेल, आणि मी हसरा चेहरा लावीन. राहू दे. वहीतच राहू दे.

आत्ता लिहिता लिहिता लातूरवाल्याचा फोन येऊन गेला. नवी जागा बरी आहे म्हणाला, माणसं बरी आहेत. मग म्हणाला, “सर, जेवलात का?” मी म्हटलं, “हो तर, मघाशीच.” चाचा, अडीच वाजून गेलेत. कालचा डबा अजून टेबलावर आहे, मी झाकणही काढलेलं नाही.