भिंतीवरची दाक्षायणी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
सोमवार, ता. १० फेब्रुवारी २०२५

चि. गुरुशांतला अव्वाचा आशीर्वाद.

आमी दोघी खाऊनपिऊन बऱ्या हाय. माझा गुडघा दुखतोय, त्यात नवं काय न्हाय. तुझी काव्या रोज शाळंला जाती. तुझ्या कारखान्याचं गाळप जोरात चालू असंल. ऊस संपंल, हंगाम संपंल, तुझी कारणं कवा संपत्याल ते सिद्धरामालाच ठाऊक.

पत्र लिवलं म्हणून हसू नको. फोनवर तू आईला "हां अव्वा, हां अव्वा" करतोस आन ठिवून देतोस. कागद तसा ठिवता येत न्हाय. माझी शाळा चौथीपत्तूर, तवा अक्षर बघू नको, मजकूर बघ. शेजारचा सिद्धाप्पा सुट्टीला आलाय, उद्या श्रीपूरला परत निघंल, त्याच्या हाती देते. त्याला सांगितलंय, गुरुशांतचं वाचून होईस्तवर त्याच्या म्होरनं हलायचं न्हाय.

काव्याच्या शाळेत चित्रकलेचा मोठा उद्योग काढलाय. तिचे चित्रकलेचे महेश्वर सर हायत ना, त्यांनी पुण्याची एक चित्रकार बाई बोलावलीय, ऋतुजा मॅडम. पायात बाप्यासारखे बूट, केस पोरासारखे, पण बाई जेवायला लाजत न्हाय. नववीच्या पोरांकडनं शाळंची मागची लांब भिंत रंगवून घेतीय. पालकांनी हातभार लावायचा असं मीटिंगीत ठरलं. एमआयडीसीतल्या एका कारखानदारानं रंग पुसायला डागी म्हणून बाजूला काढलेले टॉवेल दिले, कुणी शिडी दिली, कुणी चुना मारून दिला. मी कडक भाकरी आन शेंगाचटणी नेली. मॅडम म्हणाल्या, "आजी, भाकरी छान आहे, पण मला तुम्हीही हव्यात." मी म्हणलं, "मला घिऊन काय करताय, मी भाकरीपरीस कडक हाय."

त्यांची पद्धत अशी. दुपार कलली की पालकानं भिंतीकडं पाठ करून उन्हात उभं राहायचं. भिंतीवर सावली पडती. पोरानं कोळशानं त्या सावलीच्या कडंनं रेघ मारायची आन मग आत रंग भरायचा. तोंड तेवढं पोरानं काढायचं न्हाय. तोंड आईबापानंच काढायचं, येवो न येवो. रिक्षावाल्या रावजीनं सोताला एवढ्या मिशा काढल्या, की त्याची बायकू म्हणाली, "ह्यो कोण परका बाप्या?" लई हसलो आमी.

तुला फोन केलता तो ह्याच्यासाठीच. तू म्हणालास, सीझन हाय. मग मी गेले.

उन्हात उभी राहिले. पाठीमागं कोळशाचा खरखर आवाज. पोरगी तोंडानं काय गुणगुणत होती. कितीतरी दिसांनी मी तिचा तसला आवाज ऐकला, म्हणून गुडघा ठणकत असून हलले न्हाय. झालं म्हणाली तवा वळले.

गुरुशांत, भिंतीवर मी नव्हते.

उंच बाई. मान डावीकडं जरा कललेली, कुणाची हाक ऐकू आल्यागत. पाठीवर लांब वेणी, आन डावा हात खाली, पोराचं बोट धरायला धरतो तसा. मी म्हणलं, "काव्ये, कुणाची काढलीस गं?" ती म्हणाली, "पडली तशी काढली की अज्जी." मॅडमनी मला समजावलं, "आजी, उतरत्या उन्हात सावली लांबते." मी म्हणलं, "लांबंल की. पण तिला वेणी फुटत न्हाय."

माझ्या डोक्यावर पदर होता आन पदराखाली चार केस हायत, ते तुला ठाऊक हाय.

तितंच पुसून टाकायला पायजे होतं. पण पोरीचं तोंड उजळलं होतं.

मग ती रंग भरायला लागली. हिरवं लुगडं, पिवळा काठ. म्हणलं, चालू दे, आईचं लुगडं पोरीला आठवणारच. एका पायात चप्पल काढली. दुसरा पाय तसाच सोडला, बोटं काढली, नखं काढली, चप्पल न्हाय. सर म्हणाले, "काव्या, चप्पल राहिली." ही म्हणाली, "न्हाय सर, सावलीतच नव्हती."

आता तुला कळलं असंल, मी कागद का घेतला.

दाक्षायणी तलावावरनं परत आली न्हाय, तवा काठाला काय घावलं ते पोलिसाला, तुला आन मला ठाऊक. पोरीला आपण कवा सांगितलं न्हाय. तूच म्हणालास, "एका चप्पलनं माणूस मरत न्हाय, अव्वा." पोरीला सांगितलंस, आई पुण्याला कामाला गेलीय. ती चप्पल ट्रंकेत घातलीस आन ट्रंक घिऊन श्रीपूरला गेलास. तुझ्या ट्रंकेत कोण डोकावलं असंल तर मला सांग, म्हंजी मी आज निवांत झोपंन.

रथसप्तमीला पोरांच्या आयांनी त्या भिंतीपाशीच मॅडमसाठी हळदीकुंकू केलं. चेष्टेचेष्टेत भिंतीवरच्या बायांनापण कुंकू लावत निघाल्या. हशा, उखाणे, सगळं चाललं होतं. आपल्या दाक्षायणीपाशी आल्या आन गप झाल्या. एक म्हणाली, "हिला लावायचं का न्हाय?" दुसरीनं पदर तोंडाला लावला. मला आला राग. म्हणलं, "नवरा जित्ता हाय तिचा, लावा की!" कुणी हात उचलंना. मग मीच करंडा घेतला. विधवेनं कुंकू लावायचं नसतं म्हणून मागं कुजबूज झाली, ती मी ऐकली, ऐकून लावलं. तोंड नव्हतंच, तवा कपाळ असतं तितं लावलं. पायाशी तांदूळ ठिवले, वाण ठिवलं. आन जल्मभराची सवय, बाई निघाली की तोंडातनं निघतंच, तसं निघालं, "ये गं परत."

सगळ्या माझ्याकडं बघाय लागल्या. मला कळलं, मी काय बोलून बसले. पण बोललेलं गिळता येत न्हाय.

त्या दिसापासनं दिवेलागणीला दारात चाल वाजती. एक पाऊल वाजतं, एक न्हाय. एक वाजतं, एक न्हाय. उंबऱ्यापत्तूर येतं आन थांबतं. मी आदी कुत्रं म्हणलं, मग म्हातारपणाचे कान म्हणलं. कान म्हातारे झाले तर कमी ऐकू यायला पायजे, जास्ती कसं येतंय? सकाळी उंबऱ्याची एक बाजू वली असती. काव्या फडक्यानं पुसती आन शाळंला जाती.

तितंपण बिघडलंय. शाळा सुटल्यावर काव्या त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहती. भिंतीवरचा तो हात हाय ना खाली सोडलेला, त्याच्या बरोबर खाली, असं की हिची सावली त्या हातात बसावी. महेश्वर सरांनी सोता मला सांगितलं. बाकीच्या आयांनी हेडमास्तरांकडं तक्रार केली, बिनतोंडाच्या बाईला आमची पोरं भितात. मॅडम भांडल्या. शेवटी ठरलं, शनवारी मॅडम जायच्या आत घरच्या माणसानं तोंड काढायचं, नसंल तर त्या जागंवर चुना.

मी म्हणलं, मी काढते. ब्रश हातात घेतला. गुरुशांत, मला तिचं तोंडच आठवंना. एका चुलीवर दोघींनी भाकरी थापल्या, भांडलो, एकमेकीच्या वेण्या घातल्या, आन तोंड आठवंना. नाक कसं होतं? घरात फोटो होता तो तू नेलास. ब्रश वाळला हातात.

मारू दे चुना, असं मीच म्हणले असते. रंगाला काय रडायचं. पण भिंतीवरनं पुसली तर ती जाणार कुटं? आपलं दार तिनं बघितलंय. आन पोरगी तिच्या हाताखाली उभी राहती. मला पोरगी घालवायची न्हाय.

म्हणून काल मी काव्याला सगळं सांगितलं. तलाव, पोलीस, चप्पल. तुझ्या बोलाची वाट बघत बसले न्हाय. ती मगात ब्रश धूत होती, धूतच राहिली. म्हणाली, "मला ठाऊक हाय, अज्जी. ती माझ्यासाठी येत न्हाय. बाबा तिला जाऊ देईनात."

मी म्हणलं, "तुझा बाबा तिकडं श्रीपुरात, तो काय धरून बसलाय तिला?"

म्हणाली, "रोज दिवे लागले की फोन लावतात तिला. आई सांगती. फोन आला की तिला परत फिरावं लागतं."

तुला विचारते. लावतोस?

तिचा फोन तिच्यासंगं पाण्यात गेलाय. तू नंबर कशाला भरत ऱ्हातोस मला ठाऊक न्हाय, आन विचारत न्हाय. नवरा-बायकूतलं हाय. पण शनवारच्या आत निघायचं. साहेबाला सांग आई मेली, मला चालंल. चप्पल संगं आण. भिंतीपाशी पोरीसमोर उभा ऱ्हा, तुला तिचं तोंड आठवतंय तवर काढ, आन मग स्वामींना बोलावून तिचं जे करायचं ते करू. तुझ्या डोळ्यांतनं पाणी आलं तर येऊ दे, रंग पातळ करायला उपयोगी पडंल.

काव्या शेजारी बसून मजुरीवर आणलेल्या टॉवेलच्या कडा दुमडतीय. दिवे लागायला आलेत. हितंच थांबते.

तुझी
अव्वा

आन सिद्धाप्पाकडनं हे पत्र मिळालं की त्या नंबराला फोन लावू नको. हितं उंबऱ्यात वाजतोय.