पाचवी अक्षत

ता. ९ जानेवारी १९५७, भुसावळ
इंजनाची राख काढायची पाळी. खोलीवर आलो तर विमलचं पत्र. माझी चौथी झालेली, अक्षर लावत वाचतो. तीनदा वाचलं.
धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची. आमच्या कळंबात सातवीची फायनल पास झालेली पहिली पोरगी, आता बारामतीला ट्रेनिंग कॉलेजात, मास्तरीण व्हायला. लिहिती, पाठाचं टाचण तपासायला गुरुजींनी रविवारी खोलीवर बोलावलं. दार लावलं. पुढचं लिहून खोडलंय. खोडलेलं उजेडाला धरून वाचलं. नको होतं वाचायला.
खाली, "दादा, तुला एकट्याला सांगितलं. कुणाला बोलू नको. एप्रिलात परीक्षा हाय, तेवढी होऊ दे."

ता. ११
काम सुचंना. मुकादम म्हणाला, काय रं, बायको पळाली का. सगळे हसले. लग्न न झालेला मी, मीबी हसलो.
तिनं गुरुजीचं नाव लिहिलंय. मी हितं लिहीत न्हाय.
उलट टपालानं कळवलं, बोर्डिंगच्या बाईंना सांग.

ता. १७
वि. चं उत्तर. मागल्या साली एकीनं सांगितलं होतं. बाईंनी विचारलं, तू गेलीसच कशाला. पोरीचं नाव कमी केलं, गुरुजी तिथंच. पाठाचे मार्क त्याच्याच हातात. "आता आम्ही टाचण घेऊन दोघी दोघी जातो." म्हंजे सगळ्या पोरींना म्हाईत हाय. आन कुणालाच न्हाय.

ता. २०
राहवलं न्हाय. आईला लिहिलं. सुरुवातीलाच लिहिलं, गुरुजीकडनं विमलवर वाईट प्रसंग आलाय, तू जाऊन तिच्यापाशी चार दिवस रहा. आबांना कळू देऊ नको. पोस्टकार्ड न्हाय, पाकीट. डिंक लावून दाबून बंद केलं. जरा हलकं वाटलं.

ता. २९
काय करून बसलो.
आईला वाचता येत न्हाय, आबांनाबी न्हाय. घरची पत्रं वि. च वाचायची. लिहिताना डोळ्यापुढं तीच होती, चुलीपाशी बसून आईला वाचून दाखवणारी. ती घरात न्हाय, तिच्याचबद्दल लिहितोय, हे ध्यानातच आलं न्हाय.
आबांनी पाकीट रहिमानचाचाच्या दुकानात नेलं. गावाची पत्रं वाचणारा तोच. कट्ट्यावर सात-आठ माणसं. चाचा दोन वळी वाचून थांबला. मग कागदाकडं बघत आपल्या मनानं म्हणाला, पोरगा खुशाल हाय, भुसावळात थंडी लई हाय. पण दोन वळी होऊन गेल्या होत्या.
हे चाचानंच कळवलं. लिहितो, पोरा, मला माफ कर, मोठ्यानं वाचायची सवय.
आबा दुसऱ्या दिवशी जाऊन वि. ला ट्रंकेसकट घेऊन आले.

ता. ५ फेब्रु., कळंब
रजा मिळाली. भुसावळ, मनमाड, दौंड, बारामती. डोळ्याला डोळा न्हाय.
लग्न ठरवलंय. इंदापूरकडचा, बिजवर. १४ ला. आबा बाजारासाठी वांगी तोडत होते, मान वर केली न्हाय. आई म्हणाली, नवऱ्याकडच्यांनी काय विचारलं न्हाय हेच नशीब. वि. पाटीत वांगी लावत होती. मोठी खाली, बारकी वर.

ता. ७
कॉलेजच्या मोठ्या सरांकडं गेलो. उभ्यानंच ऐकलं. म्हणाले, लेखी आणा, मुलीची सही पायजे, चौकशीत तिला सगळ्यांपुढं सांगावं लागंल.
अर्ज मी लिहिला. वि. पुढं धरला. तिनं सवयीनं माझी अक्षरं दुरुस्त केली. मग पेन खाली ठेवला.
"सांगितलं तर परीक्षेला बसवणार हायत का मला?"
मी अर्जाची घडी घातली.
"मग?"
उठताना म्हणाली, "तुला सांगितलं हीच चूक झाली, दादा." रागानं न्हाय म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

ता. ११
आमंत्रणं. कुंकू लावलेल्या तांदळाच्या पुड्या बांधल्या. कॉलेजात भावानं अक्षत द्यायची ठरलं. गुरुजी पाच. मी म्हणालो, चौघांना देतो.
आबांनी हातातली पुडी बांधून टाकली. मग, "पाचीला दे. ज्याला वगळशील त्याचं नाव गाव घेईल. पोरीला नांदायचंय."
"कोण ते इचारत न्हाय तुमी?"
"न्हाय."
वि. दारात उभी होती. आत गेली.

ता. १२, बारामती, स्टँडवर
चार अक्षता दिल्या. पाचवी घेऊन त्याच्या गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. हातात काय होतं? पुडी. दुसऱ्या खिशात अर्ज, सहीची जागा कोरी. मारलं असतं तर सगळ्या बारामतीनं का म्हणून इचारलं असतं.
दार त्यानंच उघडलं. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. त्याच्या पोरीनं पाणी आणलं. मी प्यालो. अक्षत त्यानं दोन्ही हातांनी घेतली. म्हणाला, हुशार मुलगी, शिक्षण अर्धं राहिलं, वाईट वाटतं. यायचा प्रयत्न करतो.
मी म्हणालो, "या."
हे माझ्या तोंडून गेलं.
कळंबची गाडी अजून लागली न्हाय. वि. इचारंल, कोण कोण येणार. तो येतोय हे आज सांगावं, का परवा मांडवात तिचं तिलाच दिसू द्यावं