यांच्या छातीतलं पाणी

श्रावण वद्य २, सोमवार
आलं: उपकेंद्रात सोनोग्राफीचं यंत्र, मुठीत मावेल एवढं. जेलच्या बाटल्या दोन. आपल्याला खर्च शून्य. यंत्र घेऊन आलेल्या पाहुण्यांचा चहा रु. ६०, आपल्याकडून.
रीत अंतराळवीरांची म्हणे. वर डॉक्टर नसतो. सोबत्यानंच सोबत्याच्या छातीवर यंत्र धरायचं, जमिनीवरचा डॉक्टर चित्र पाहून सांगतो. तसंच इथं. गावातल्या एका बाईला हे शिकवायचं होतं. मॅट्रिक म्हणून मी.
यांना म्हटलं, पहिले तुमची छाती. महिना झाला, दम लागतो, आडवं होववत नाही, लोडाला टेकून झोपतात. आम्ही दमाच समजतो. अकोल्याच्या दवाखान्याचं नाव काढलं की नको.
हे: "वर गेलेल्या लोकायची रीत हाय ना? मले इतक्यात वर जाचं नाही."

वद्य ४, बुधवार. संकष्टी.
दूर्वा वाहिल्या. हे शेवटी उपकेंद्रात आले. फोनवर अमरावतीच्या डॉक्टर मॅडम, आपल्या मुलीच्या वयाच्या. यंत्र लावलं, पडदा नुसता करडा.
मॅडम: "काकू, काहीच दिसत नाही."
नर्सताईंनी वायर पाहिली, फोन फिरवून पाहिला. मग मॅडमनी विचारलं, जेल किती घेतलं? मी बोटाच्या टोकावर, फुलवातीला तूप लावावं तेवढं. बाटली वर्षभर पुरवायचं मनात.
नर्सताई: "काहून वो काकू, पुरणपोळीवर इतकंच तूप वाढता का?"
हे: "इतकंच वाढते. मले इचारा."
दाबली बाटली. उजवीकडे काळंभोर दिसलं, त्यात फुप्फुसाचं टोक हलत होतं, विहिरीत पान हलावं तसं. मॅडमचा आवाज बदलला.
"हात तसाच ठेवा. जरा वर. थांबा. दमा नाही हा, काकू. पाणी आहे, बरंच. आजच अकोल्याला न्या."
हात हलू दिला नाही. नंतर बाटलीचं झाकण लागेना.
हे चप्पल शोधायला लागले.

वद्य ५, गुरुवार. अकोला.
चित्र आमच्या आधी पोचलेलं. थांबवलं नाही, कालच पाठीतून सुई घालून पाणी काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस घरी राहिले असते तर...
दुपारी हे सपाट आडवे झोपले. घोरले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नाक मुरडलं, मी गजाननाला हात जोडले.

वद्य ८, रविवार
घरी. कृष्णाचा पाळणा यांनीच हलवला. पारावर सांगून राहिले, "आमच्या घरी अंतराळवाली हाय." पारावरच्या चौघांनी उद्या छाती दाखवायला येतो म्हणून सांगितलं. येऊ द्या.

वद्य १०, मंगळवार
पाणी कशानं झालं, क्षयानं की दुसऱ्या कशानं, ते तपासायला दिलंय. अहवाल मॅडमकडे जाणार. त्यांना लिहायला पोस्टकार्ड स्वस्त पडलं असतं, पण पोस्टमन वाचतो. बंद पाकीट केलं. मजकूर:
"डॉक्टर मॅडम, अनेक आशीर्वाद. हे दोन पोळ्या खातात, वावरापर्यंत चालत जाऊन येतात. अहवाल कसाही असो, पहिले मला कळावा. फोन यांच्याजवळ असतो, म्हणून तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलंय. उलट टपाली कळवा."