सहा दिवसांत घोडेस्वार

३ मार्च १९५९, बरबँक

मिळालं! म्हणजे जवळजवळ. लॉइड दारातूनच ओरडला — "वर्ना! शेरीफ! दर आठवड्याला!" नऊ वर्षं माझा नवरा टीव्हीवरच्या काउबॉय मालिकांत दारू ओततो, तारा वाचून दाखवतो आणि दुसऱ्या जाहिरातीच्या आत गोळी खाऊन मरतो. आता बावन्नाव्या वर्षी नायक! मी त्याला आधी पाय पुसायला लावले. मग मिठी मारली.

अडचण एकच. सोमवारी कॅमेऱ्यापुढे टेकडीवरून दौडत यायचं. जमलं तर करार.

"घोड्यावर बसता येतं का, असं विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं. म्हटलं, खोगिरातच जन्मलो."

बाल्टिमोरच्या शिंप्याचा मुलगा! ट्रामशिवाय कशावर बसलेला नाही. सगळेच नट असं ठोकून देतात म्हणे.

४ मार्च

शाळेत रजा टाकली — बावीस वर्षांत पहिली. न्यूहॉलला टलीचा तबेला आहे, सिनेमावाल्यांना घोडे देतो तो. लॉइड तीनदा पडला. टली म्हणाला, "बाई, घोडा शहाणा आहे. तुमच्या नवऱ्याचं काही सांगता येत नाही."

शेवटी मीच शिकवायला घेतलं. माँटानात वडिलांच्या कुरणावर वाढले मी. कॉलेजला गेल्यापासून मात्र रिकिबीत पाय घातला नव्हता. तीस वर्षं! मांड्या आजही विसरलेल्या नाहीत.

५ मार्च

टाचा खाली! पाठ ताठ! "मास्तरीणबाई, मी काय पाचवीत आहे?" पाचवीतली मुलं ऐकतात, म्हटलं.

७ मार्च

चालतो. दुडकतो. दौडत नाही. घोड्याने वेग घेतला की हा डोळेच मिटतो!

लगामाने सोललेल्या हातात जेवताना त्याला काटा धरवेना. म्हणाला, "हे गेलं तर पुन्हा दारू ओतायला जाणार नाही, वर्ना. भावाच्या दुकानात बटणं लावीन." थट्टा नव्हती ती. मी आणखी एक बटाटा वाढला. दुसरं काय करणार?

९ मार्च

चाचणी. खाली निर्माते क्रोगर, कॅमेरा, खानावळीचा खोटा देखावा. वर टेकडीवर आम्ही दोघं, टली आणि घोडा. कर्ण्यातून क्रोगर ओरडले — "वर काय प्रार्थना चाललीय?"

लॉइड घोड्यावरून उतरला. ओठ पांढरे. "जमत नाही गं."

मी त्याचा कोट चढवला, हॅट कपाळावर ओढली आणि निघाले! ही फसवणूक आहे, हे उताराच्या मध्यावर लक्षात आलं. तोवर घोडा थांबणार नव्हता. खरं सांगायचं तर मीही नव्हते!

खानावळीसमोर लगाम खेचला, हॅट काढली. क्रोगरांच्या तोंडातला चिरूट पडला.

"तुम्ही कोण?"

"लॅटिनची शिक्षिका. माझ्या नवऱ्याला घोड्यावर बसता येत नाही. तो खोटं बोलला, मीही आत्ता तेच केलं. पण अभिनय त्याला येतो. तेवढा बघून घ्या."

लॉइड टेकडी पायी उतरून आला. धापा टाकत पायरीवर उभा राहिला आणि शेरीफचं भाषण बोलला. पायाशी पडलेला चिरूट क्रोगरांनी उचललाच नाही.

"कळवतो," क्रोगर म्हणाले. बस्स.

१० मार्च

फोन नाही. लॉइडने भावाला लिहिलेलं पत्र मी पोस्टात टाकलं नाही.

११ मार्च

करार आले — दोन! जवळून दिसणारा शेरीफ लॉइड, दुरून दिसणारा मी. शाळेचा राजीनामा एका ओळीत लिहून झाला.