अडलं तर फोन कर

३ फेब्रु. २००९, मंगळ.

साहेबाचा पुण्याहून मेल. सोबत कोड मोजायचं टूल. सगळ्या कंट्रोलरवर, म्हणजे एकेका पानामागच्या कोडवर, चालवा, आकडे पाठवा. चालवलं. बाकीचे हिरवे, दोन पिवळे. ऑर्डरचा कंट्रोलर लालभडक. त्यात ऑर्डर जमा करून घ्यायचं जे मोठं फंक्शन आहे त्याची कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे आत फुटणाऱ्या 'जर-तर'च्या वाटा, ५८. दहाच्या आत पाहिजे म्हणतात. मेंटेनेबिलिटी शंभरपैकी ७. थोडक्यात काय, मी, राठोड, मेलो तर हे दुसऱ्या कुणाला सांभाळता यायचं न्हाई, असं मशीनचं मत.

डोकंच फिरलं. राज्यभरातले पाण्याचे पंप विकणारे दुकानदार पाच वर्षं झाली याच पानावरून ऑर्डरी टाकतात. कुणाचा माल कुठं, कुणाला सूट, कुणाला नकार, सगळं आत बसून हाच ठरवतो. एवढी वर्षं चालला, आजच लाल झाला!

तरी ५८ वाटा म्हणजे जास्तच. वारंगा फाट्याला तीन फुटतात तर बाहेरचा ड्रायव्हर खाली उतरून विचारतो.

लाईट दुपारी गेली ती आता आली. बा बाहेर बाजेवर. जेवला न्हाई नीट.

५ फेब्रु., गुरु.

इरफानचा फोन. "दादा, तुमचा ऑर्डरवाला बसला परत."

"बसला तर उठव की."

"मी काय उठवणार? मला त्यातलं घंटा कळत न्हाई."

हा पुण्यात हेल्पडेस्कला. दुकानदार त्याला फोन करतात, तो मला. पोरगं जिंतूरचं, बी.सी.एस. परभणीला केलेलं. प्रोग्रामर व्हायचं होतं, मिळालं हेडफोन लावून 'नमस्कार सर' म्हणायचं काम. दोन वर्षं झाली बोलून राहिलो; मी पुण्यात होतो तेव्हा बी हेल्पडेस्क शहराच्या दुसऱ्या टोकाला, तोंड अजून पाहिलं न्हाई एकमेकांचं.

अडलेलं दहा मिनिटांत सुटलं. पुढं पाऊण तास कायकाय. मेसचा भात कच्चा असतो. रूमवाले नागपूरचे, आपसात बोलतात. मी म्हटलं, "ऑफिसच्या फोनवरून एवढं बोलतो, कुणी विचारत न्हाई का?" म्हणतो, "काहून विचारतील? ऑर्डर अडली होती ना!"

हसलो. आज दिवसभरात तेवढंच बोलणं झालं माझं.

१० फेब्रु., मंगळ.

साहेबाचा फोन. आवाज गोड, म्हणजे काम वाढणार. ऑर्डरचा कंट्रोलर नीट करा, प्रत्येक फंक्शन दहाच्या आत आणा, महिनाभराची मुदत. "उद्या तुम्हाला काही झालं तर? सपोर्टच्या मुलांनाच छोट्या दुरुस्त्या जमल्या पाहिजेत. प्रत्येक वेळी तुम्हाला फोन, तुम्हालाही त्रासच की."

हो म्हटलं. त्रासच आहे.

इरफान अन् कोड! फाईल उघड म्हटलं तर घाम फुटतो त्याला.

पाठीमागं हळद शिजवून राहिलेत. घरभर वास. बा ला बरं वाटत असावं, मान वर करून बसला होता. तांडा सोडून त्याला हितं बाळापुरात आणलं त्याला वर्ष होईल. तांड्यावर फोनची लाईन न्हाई, लाईन न्हाई तर नेट न्हाई, नेट न्हाई तर माझी नोकरी न्हाई. याडी, माझी आई, गेली, मागोमाग बा ला लकवा. मी पुणं सोडलं, त्यानं तांडा. वाचा गेली म्हणून बोलत न्हाई का माझ्यावर रुसून, ते डॉक्टरलाही सांगता आलं न्हाई.

१३ फेब्रु., शुक्र.

बदमाशी करून पाहिली. मोठ्या फंक्शनचे वाटेल तिथं तुकडे केले, नावं दिली भाग१, भाग२, भाग३. आकडा खाली. मधे मधे दोन-चार ओळी टिपणं घातली, मेंटेनेबिलिटी वर. हिरवं! टाळ्या!

मग वाचायला बसलो तर माझंच मला कळेना. भाग३ मधून भाग७ मधे, तिथून परत भाग२ मधे. आधीचं गबाळ निदान एका जागी होतं.

टूलला वाटा मोजता येतात. वाटेवर माणूस हरवेल का न्हाई ते त्याला काय ठाऊक. सगळं उपटून पहिल्यासारखं केलं. दिवस वाया.

१८ फेब्रु., बुध.

आता इमानदारीनं. कंट्रोलरनं फक्त ऑर्डर घ्यायची अन् ज्याचं काम त्याच्याकडं द्यायची. सूट वेगळी, शिल्लक माल वेगळा, रद्द ऑर्डर वेगळी. नियमाला नियमाचंच नाव. प्रत्येकाला टेस्ट, नियम चुकला तर लगेच ओरडणारी.

एकेक 'जर' उचलून बघून राहिलो. कोणता का घातला ते कुठं लिहिलेलं न्हाई, पण मला आठवतं. सांगलीच्या दुकानदारानं अर्धी ऑर्डर रद्द केली तो एक. त्या दिवशी इरफानच्या बहिणीची सोयरीक जुळली होती, तो अर्धं ऐकत होता, अर्धं रडत होता. एकाच दुकानाची दोन नावं, तो दुसरा. तेव्हा याडीला जाऊन पंधरा दिवस झाले होते. मी फोन उचलला अन् 'हॅलो' म्हणताच येईना. तो म्हणाला, "राहू द्या दादा, बोलू नका, मी लाईनवर आहे." तसाच धरून बसला किती वेळ. ऑर्डर अडली होती ते दोघं विसरलो.

ते 'जर' बी आज त्याच्या जागी नीट ठेवलं. सुबक झालं.

२३ फेब्रु., सोम.

मोठं फंक्शन ५८ वरून ६ वर. बाकीची दोन-तीनच्या पुढं न्हाईत. खोटं काहून बोलू, छाती फुगली. कुणाला तरी दाखवावं वाटलं. बाहेर गेलो, बा ला म्हटलं, "बा, अठ्ठावन्नचे सहा केले." बा नं माझ्याकडं पाहिलं अन् परत रस्त्याकडं. त्याला वाटलं असेल बैल विकले.

इरफानला मीच लावला. सांगितलं. म्हणतो, "म्हणजे आता अडणार न्हाई?"

"न्हाई अडायचं."

"बरंय दादा. तुमची तकलीफ संपली."

मग म्हणाला दुसरा फोन येऊन राहिला, ठेवतो.

जेवताना डोक्यात आलं. अडणार न्हाई म्हणजे फोन येणार न्हाई. इतक्या दिवसात हे सुचलं न्हाई मला, गाढवाला.

४ मार्च, बुध.

सगळं तयार. शुक्रवारी साईटवर चढवायचं.

लिहावं का न लिहावं. लिहितो, वाचणार कोण आहे. शिल्लक मालाच्या नियमात एक चूक ठेवली. मुद्दाम. गोदामात दहा पंप असले अन् दुकानदारानं दहाच मागितले, तर 'माल नाही' म्हणेल. नऊला चालेल, दहाला अडेल. त्याची टेस्ट होती, ती बी काढून टाकली. नुकसान कुणाचं न्हाई. दुकानदार ओरडेल, इरफान फोन करेल, मी दोन मिनिटांत नीट करीन. मग बोलू.

लाज वाटते. राहू दिली तरी.

६ मार्च, शुक्र.

चढवलं. साहेबाचा मेल, 'एक्सलंट'. सगळ्यांना पाठवलाय. आता उरलेल्या कंट्रोलरचं बी तुम्हीच मोजा म्हणतो.

फोन न्हाई.

९ मार्च, सोम.

फोन न्हाई. असं कसं? रोज कुणी ना कुणी सगळा माल मागतंच. मोबाईल बंद तर न्हाई म्हणून लँडलाईनवरून स्वतःलाच लावून पाहिला. वाजतो.

बा नं सकाळी माझा हात धरला अन् पश्चिमेला बोट केलं. तांडा. होळी आली त्याची. म्हटलं नेतो.

११ मार्च, बुध.

काल जीप करून बा ला तांड्यावर नेलं. जीपमधून उतरताना दहा हात पुढं आले त्याला धरायला. होळीभोवती लेंगीची गाणी सुरू झाली, बायका एकीकडं, बाप्ये एकीकडं. बा ला खाटेवर बसवलं होतं. त्याचे ओठ हलायला लागले. जवळ गेलो. शब्द न्हाईत, पण चाल बराबर, अन् ताल चांगल्या हातानं गुडघ्यावर. वर्षभरात माझ्यापाशी त्याच्या तोंडून एक सूर निघाला न्हाई. त्याची माणसं भेटली अन् आवाज निघाला. मला आनंद झाला का वाईट वाटलं, सांगता येत न्हाई. दोन्ही.

तांड्यावर रेंज न्हाई. माझा जीव खिशात. नाचणाऱ्यांतून निघून पार टेकडीवर जाऊन आलो, तिथं दोन कांड्या येतात. काही न्हाई. काकाचा पोरगा ओरडला, "पुण्यात कुणी ठेवली का काय रे?" सगळे हसले. मी बी हसलो.

बा हितंच राहतो म्हणतो. म्हणजे खाटेवरची जागा सोडेना. काकी म्हणाली राहू दे आठ दिवस, आम्ही हाव ना. एकटाच बाळापूरला परत. कुलूप काढलं, आत कुणी न्हाई हे माहीत असून हाक मारली.

१४ मार्च, शनि.

न राहवून आज मीच लावला. ठरवलं होतं सहज म्हणून विचारायचं, नवीन पान कसं चाललंय.

उचलल्या उचलल्या ओरडला, "दादा! मीच लावणार होतो! एक सांगायचंय, रागवू नका."

"काय?"

"तुमच्या कोडमधे हात घातला मी."

सोमवारीच अडलं होतं म्हणे. लातूरच्या दुकानदारानं शिल्लक होते तेवढे सगळे पंप मागितले, 'माल नाही' आलं. नवीन नियमाप्रमाणं सपोर्टवाल्यांना फाईल उघडायची परवानगी. "मी म्हटलं दादाला फोन करण्याआधी बघू तर. उघडलं, अन् दादा, कसम से, वाचता आलं! पहिल्यांदा! शिल्लक माल लिहिलंय तिथं शिल्लक मालच आहे. खाली सरकत गेलो अन् ती ओळ दिसली. 'पेक्षा कमी' होतं, 'कमी किंवा तेवढेच' पाहिजे. केलं. चाललं! टेस्ट बी लिहिली, तुमच्याकडून राहून गेली होती ती."

मी इकडं तीच फाईल उघडली.

"बराबर केलं ना, दादा?"

"बराबर केलंस."

"सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. एक तारखेपासून मला प्रोग्रामिंगच्या टीममधे बसवून राहिलेत. अब्बांना फोन केला तर अब्बा रडले."

"मग मला काहून न्हाई केला?"

"म्हटलं होळी आहे, बाबांना घेऊन गेले असाल तांड्यावर. काहून तकलीफ द्यायची." मग म्हणाला, "पुढं काही अडलं तर तुम्हालाच विचारीन."

तोवर मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "येतो दादा" म्हणून ठेवला. चार मिनिटं बी झाली नसतील.

चांगलं झालं. लेकराचं चांगलं झालं. हे मी मनापासून लिहून राहिलो. तरी फोन ठेवल्यावर जाऊन बा च्या रिकाम्या बाजेवर बसलो, उठवेना.

१७ मार्च, मंगळ.

तांड्यावरून निरोप, बा ठीक आहे, जेवतो. आणखी राहू दे म्हणतात. न्यायला यायची घाई करू नको.

उरलेले पिवळे मोजतोय. दुपारी लाईट न्हाई. स्वयंपाक केला न्हाई, स्टँडवर जाऊन भजी खाल्ली. तिथल्या माणसानं विचारलं, "एकच प्लेट?"

२१ मार्च, शनि.

पिवळे दोन्ही हिरवे झाले. साहेबाला पाठवले. आता माझ्याकडचं काहीही कुणालाही सांभाळता येईल.

इरफानचा फोन न्हाई. तो खोटं बोलणारा न्हाई, अडलं तर करीलच. अडत न्हाई.

दोनदा नंबर काढला, ठेवला. वाटतं खरं सांगून टाकावं. की ती चूक राहिली न्हवती, ठेवली होती, अन् टेस्ट मीच काढली होती, तुझा फोन यावा म्हणून. तो काय म्हणेल? हसेल कदाचित. पण त्याची पहिली दुरुस्ती ती. अब्बांना सांगितली त्यानं. मी तोंड उघडलं की ती माझ्या पोरखेळातली एक चाल होऊन जाते.

अन् हे सोडून दुसरं काही बोलायचं म्हटलं, तर कामाशिवाय आम्ही कधी फोन केलाय एकमेकांना?

उद्या रविवार. त्याला सुट्टी असते, कामाशिवाय लावायचा तर उद्याच.