गुडघाभर पाण्याची शपथ

प्रिय माई,

“ह्या घरात कायपन कर, फक्त भिऊ नको.” लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मागच्या दारी भांडी घासता घासता तुम्ही मला म्हणाला होतात. मी हसले होते. मागे उल्हास नदी होती, माघातली, अंग चोरून दगडांमधून वाट काढणारी. तिला कोण घाबरणार?

आज मी घाबरले आहे, माई. इतकी, की सकाळी पिंपात नळाचं पाणी पडायला लागलं की अर्धं पिंप भरायच्या आत मी नळ बंद करते. तन्वी म्हणते, “आई, तुला झालंय काय?” काय सांगू तिला?

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज का? तर समोर टेबलावर घराच्या नव्या विम्याचा अर्ज आहे. यांनी सगळा भरून ठेवलाय. घराचं वर्णन, खोल्या, भिंती कसल्या, छप्पर कसलं. तिसऱ्या पानावर एक प्रश्न आहे: पूर्वी घरात पुराचं पाणी शिरलं होतं का? शिरलं असल्यास किती? त्यापुढे तुमच्या लेकाच्या ठळक अक्षरात लिहिलंय, ‘होय. गुडघाभर.’ खाली दोन सह्यांची जागा आहे, घर दोघांच्या नावावर म्हणून. एक सही झाली आहे. दुसरी माझी.

रविवारी विम्याचा माणूस अर्ज न्यायला येणार. आज शुक्रवार.

गुडघाभर! माई, तुम्हाला आणि मलाच माहीत आहे ना ते गुडघाभर केवढं होतं?

तो पूर आला तेव्हा तन्वी सात वर्षांची होती आणि माझ्या आईकडे खोपोलीला गेली होती. हे मोहोपाड्याला, कंपनीत, पहिल्या पाळीला. चौक गावाच्या पुढे रस्ता पाण्याखाली गेला आणि तिकडेच अडकले. घरात आपण दोघीच. सकाळी साडेआठला मी अंगणात पाणी पाहिलं. तुम्ही म्हणालात, “येते नि जाते ती. दरसाल येते.” नऊ वाजता चुलीपाशी होतं. सव्वानऊला तुम्ही शिडी माळ्याला लावलीत.

शिडीला नऊ पायऱ्या आहेत. मी वरून मोजत होते. एक बुडाली, दोन बुडाल्या. फ्रिज होडीसारखा उठला, गोल फिरला आणि आडवा झाला. देवाचा पाट तरंगत दारातून गेला, तेव्हा तुम्ही हात जोडलेत. सहावी पायरी बुडाली आणि मी रडायला लागले. तुम्ही डोक्यावरची चार कौलं काढून बाजूला रचलीत, वर जायची वेळ आली तर असावीत म्हणून. मग कमरेच्या पिशवीतून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवलेत.

“खा गं. रिकाम्या पोटी माणूस जास्ती रडतो.”

मी खाल्ले. तुमचा हात माझ्या हाताखाली थरथरत होता, माई. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

दुपारी पाणी उतरायला लागलं. पाचवी पायरी दिसली तशी तुम्ही माझ्याकडे वळलात. मला वाटलं, आता देवाचं नाव घ्याल. तुम्ही म्हणालात, “माझ्या अनंताला यातलं काय कळता कामा नाय. गुडघाभर आलेलं, एवढंच सांगायचं. तन्वीच्या गळ्याची शपथ हाय तुला.”

मी “माई!” म्हणून ओरडले. गळ्याची शपथ, तीही सात वर्षांच्या पोरीची! मागे घ्या म्हणून हातापाया पडले. पाणी मांडीपर्यंत उतरलं तशा तुम्ही शिडीवरून खाली आलात, त्या पाण्यात उभ्या राहिलात, आणि केरसुणी शोधायला लागलात.

दोन दिवस आपण घर धुतलं. आपलं घर गावापासून सुटं, नदीच्या वळणावर. गावातली माणसं माळावर गेलेली, आपल्याकडे फिरकायला कोणाला सवड नव्हती. चिखलाची रेघ माझ्या कपाळाच्या वर होती. तुम्ही स्टुलावर चढून काथ्याने ती घासलीत. सत्तरी उलटलेली बाई, साडीचा कासोटा घालून! मी म्हटलं, निदान फोटो काढून ठेवूया, विम्याला लागतील. तुम्ही म्हणालात, “मेल्या जनावराचे फोटू काढतात गं, घराचे नाय.”

तिसऱ्या दिवशी दुपारी हे आले, चप्पल हातात, चिखलाने भरलेले. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी सारवलेली जमीन पाहिली, धुतलेल्या भिंती पाहिल्या आणि मटकन खाली बसले. “मला वाटलेलं घर गेलं,” म्हणाले. तुम्ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवलात. “गुडघाभर तर आलेली. भितोस काय असा बाईमानसासारखा?” माझ्याकडे बघून ते हसले. मीही हसले. ते हसू मला आजही तोंडात कडू लागतं.

मग आला विम्याचा सर्वेअर. आठवतोय? हातात पॅड, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, आणि आत आल्यावर ती खाली सोडताना ओशाळला बिचारा.

“आजी, पूर येऊन गेलेलं इतकं स्वच्छ घर मी पहिल्यांदा बघतोय.”

“मंग पावना येनार म्हून चिखल ठेवू काय घरात? बस. च्या घे.”

“पाणी कितपत होतं?”

“गुडघ्याएवढं. आलं नि गेलं.”

त्याने फ्रिज उघडला. वरच्या, बर्फाच्या कप्प्यात बोटभर गाळ बसला होता. तो धुवायचा आपला राहूनच गेला होता! “गुडघाभर पाण्यात इथं गाळ कसा आला, आजी?”

“आडवा पडला ना तो,” तुम्ही ताबडतोब म्हणालात. “उभा राह्यचं बळ नाय त्याला. शेरातली वस्तू.”

तो हसला. मग माझ्याकडे वळला. “मॅडम, तुमचं काय म्हणणं?” मी शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी बाई. हे बाजूलाच उभे. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्याने लिहून घेतलं. नंतर विमा कंपनीचं पत्र आलं आणि जे मिळालं त्यात फ्रिजही आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, माई, खरंच नाही. वाईट याचं वाटलं, की ती खोटी गोष्ट आता कागदावर गेली आणि कागदावर गेली म्हणून खरी झाली.

तुमच्यावर मी कितीतरी महिने रागावले होते. तुम्हाला ते कळत होतं. तुम्ही माझ्या ताटात जास्तीची भाकरी टाकायचात. एकदा निवडणं निवडताना मीच विचारलं, “का केलंत असं?” तुम्ही सुपावरून मान वर केली नाहीत. “त्याला कळलं असतं तर आठ दिवसांत आपन शेलूला. बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथं मी काय करू? खिडकीतून गाड्या बघू?”

तेव्हा मला कळलं. नदीला न भिणारी बाई एका गोष्टीला भीत होती. माई, तुम्ही मला तेवढं सांगितलं असतंत, तर मी शपथेशिवायही गप्प बसले असते. मला का बांधून ठेवलंत?

आता पुढचं ऐका. तुम्ही गेलात आणि माघात यांनी मागे खोली बांधायला काढली. तन्वीसाठी. तेरा वर्षांची झाली, तिला अभ्यासाला वेगळी खोली हवी. कुठे, तर नदीच्या अंगाला, जिथे तुमची अळवाची जागा होती. मी म्हटलं, मागे नको. पुढे बांधा, वर बांधा.

“का गं? गुडघाभर पाण्याची एवढी भीती?”

“एवढी नाही. पण नको.”

“अगं, मी त्याचा विचार केलाय.” आणि त्यांनी किती मायेने विचार केलाय, माई! खाट नाही आणली. खोलीत विटांचा ओटा बांधलाय, गुडघ्याहून वीतभर उंच, त्यावर गादी. “पाणी आलं तरी पोरीची झोप मोडणार नाय,” म्हणतात. ओट्याला स्वतः रंग दिला, फिका निळा. खोलीवर स्लॅब आहे. माळा नाही. शिडी नाही. खिडकीला चोरांच्या भीतीने ग्रिल आहे. बाहेर जायला एकच दार, ते घरात उघडतं.

तुमच्या एका शब्दावर बांधलेली खोली आहे ती. रोज संध्याकाळी तन्वी त्या ओट्यावर पालथी पडून गणितं सोडवत असते, पाय हलवत, आणि मी दारात उभी राहून बघते. माझं डोकं आपोआप वर जातं. माझ्या कपाळाच्या वर, त्या भिंतीवर, रेघ कुठे येईल ते मला दिसतं.

आणि नदीही आता तीच नाही. वरच्या अंगाला बंगल्यांची स्कीम झाली आहे. ओढा होता ना, जिथे तुम्ही मासे धरायला जायचात? तो भरला. मुरुमाचे डंपर चार महिने जात होते. पलीकडचं शेत पुरुषभर उंच झालंय. पूर्वी पाणी तिकडे पसरायचं. आता कुठे पसरेल? हे मी यांना विचारलं, तर म्हणाले, “इंजिनियर असतात गं त्यांच्याकडे.” त्यांच्याकडे आहेत. आपल्याकडे कोण आहे?

परवा विम्याचा माणूस अर्ज द्यायला आला होता. चांगला बोलका. जाताना म्हणाला, “वहिनी, पुराच्या रकान्यात खरं तेच लिहा हां. नंतर वेगळं निघालं तर क्लेम अडकतो.” तुमचा लेक मोठ्याने हसला. “आमच्या घरात खोटं कोण बोलणार? माझी आई आणि माझी बायको, दोघीच होत्या घरात.”

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

क्लेम अडकला तर अडको. विमा काय, भांडीकुंडी परत देईल. पण मी सही केली, तर मी दुसऱ्यांदा मान हलवली असं होईल ना? आणि या वेळी शेजारी तुम्ही नसाल, सहावी पायरी बुडताना कौलं काढायला.

तुम्हाला ताप आला ते चार दिवस मला छळतात. शपथ ज्याने घातली त्यानेच ‘सुटली’ म्हणायचं, तरच ती सुटते. लहानपणी आम्ही खेळात एकमेकींना शपथा घालायचो आणि ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ म्हणून मागे लागायचो. तीच मी, पंचेचाळिशीची बाई, तुमच्या उशाशी बसून तुमच्या कानाशी दहादा वाकले आणि दहादा मागे आले. मरणाऱ्या माणसाकडे हे कसं मागायचं? शेवटी एकदा धीर केला. “माई, ते पाण्याचं...” तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “पानी नको. च्या दे.”

तुम्हाला कळलं होतं. ओठांच्या कोपऱ्यात हसत होतात तुम्ही. मी चहा करून आणला. तुम्ही दोन चमचे घेतलेत, आणि मी पुन्हा विचारलं नाही. का नाही विचारलं? अजून एक दिवस हातात होता!

कसली शपथ ते न सांगता विचारलं, तर माझी आई म्हणते, माणूस गेलं की शपथ त्याच्याबरोबर जाते. शाळेतल्या बाई म्हणतात, असल्या गोष्टींवर काय विश्वास ठेवायचा, तू शिकलेली ना? मी शिकलेली आहे. पण गळा माझ्या लेकीचा आहे. खरं सांगितलं तर तिच्या गळ्याशी तुमची शपथ, नाही सांगितलं तर तिच्या गळ्याशी पाणी. मी कुठल्या बाजूला उभी राहू? दोन्हीकडून मला एकच पोर दिसते.

हे लिहिता लिहिता माथेरानचा डोंगर दिसेनासा झाला आहे. अजून पडत नाही, नुसतं भरून आलंय.

माई, मी ठरवलं आहे. रविवारी विम्याचा माणूस यायच्या आधी, चहा झाल्यावर, मी यांना माळ्याजवळ नेणार आहे. शिडी लावणार आहे. सहाव्या पायरीवर हात ठेवून सांगणार आहे, इथवर. तुमचा हात थरथरत होता तेही सांगेन. तुम्ही खोटं का बोललात तेही सांगेन, म्हणजे तुमच्याबद्दल त्यांच्या मनात काही वाकडं राहणार नाही. रकान्यातलं ‘गुडघाभर’ खोडून खरं लिहीन, मग विमा मिळो न मिळो. आणि पावसाचे चार महिने शेलूला खोली बघू. तन्वी यंदा त्या ओट्यावर झोपणार नाही. हा माझा शब्द आहे.

तुमचा लेक माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, ते मला ठाऊक नाही. ते मी सोसेन.

पण त्याआधी, तुम्ही जिथे असाल तिथून, माझ्यासाठी नाही, तुमच्या नातीसाठी, एकदा ‘सुटली’ म्हणा. मोठ्याने नको. मनातल्या मनात म्हटलंत तरी चालेल. तुम्ही म्हणणार नाही. कोणी मागून तुम्ही आपला शब्द मागे घेतलेला मी कधी पाहिला नाही. तरी मागते आहे.

तुमची,
मनीषा