न जोडलेलं खातं

सोलापूर
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांना शिवराजचा नमस्कार.

तुमची आणि आईंची तब्येत बरी असेल. ज्वारी काढायला आली असेल. आईंच्या गुडघ्याचं औषध इथून पाठवायचं असेल तर कळवा. सुकन्याच्या दिवसकार्यानंतर मी सासुरवाडीला, वळसंगला आलो नाही. फोन हातात घेतला, पण बोलणं जमलं नाही, म्हणून लिहितो आहे.

विद्यापीठात सध्या माझ्याकडे एकच काम आहे. विद्यार्थ्यांना गणिताच्या शंका विचारता याव्यात म्हणून सुकन्यानं जे संकेतस्थळ बनवलं होतं, त्याला आजवर वेगळा पासवर्ड लागायचा. आता विद्यापीठाच्या एकाच खात्यानं सगळीकडे जाता येईल. त्यासाठी तिथलं प्रत्येक जुनं खातं ज्याच्या त्याच्या विद्यापीठाच्या खात्याशी जोडायचं. सगळी जोडली. एक राहिलं. तिचं विद्यापीठाचं खातं ती गेल्यावर कार्यालयानं बंद केलं. नियमच आहे तो.

पण संकेतस्थळावरचं तिचं जुनं खातं चालू आहे. रोज सकाळी तिच्या नावापुढे, कुणी आत आल्याचा, हिरवा ठिपका येतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी संगणक बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो. मग तिच्या नावानं लिहिलेली उत्तरं वाचली. दूरच्या कॉलेजांतल्या पोरांना ती गेल्याचं माहीत नाही, पोरं शंका विचारत राहतात. प्रत्येक उत्तराखाली 'ताळा करून बघ'. ती म्हणायची, "आप्पांनी गणित शिकवताना ताळ्यासाठी एवढं बदडलंय की मी वर्गात तो शब्दच काढत नाही." तिचा लॅपटॉप, पासवर्ड साठवलेला, तुमच्याकडे राहिलाय, हे तेव्हा आठवलं.

मी कुणाला सांगितलं नाही. उलट रोज लवकर येऊन बसू लागलो. एकदा विद्यार्थ्याचं खोटं नाव घेऊन विचारलं, 'मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?' उत्तर आलं, 'मी बरी हाय. तुमी येळेवर जेवत जावा.' विद्यार्थ्याला असं कोण सांगतं, आप्पा? तुम्ही मला ओळखलं होतं. ते वाचताना मला मात्र तुम्ही नाही, तीच आठवली.

आमच्या वैजयंती मॅडम विचारतात, "शिवराज, काम झालंय की. बटण काय मुहूर्त बघून दाबणार?" मी म्हणतो, चाचणी चाललीय. खरं म्हणजे परवा चाचणीत तिचं खातं मी माझ्याच विद्यापीठाच्या खात्याला जोडून पाहिलं. पडद्यावर आलं, 'स्वागत, सुकन्या.' मी मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. लगेच ती जोडणी काढून टाकली.

शनिवारी जुने पासवर्ड बंद करतो आहे. मग तिच्या नावानं कुणालाच आत जाता येणार नाही, तुम्हालाही नाही. लिहिलेली उत्तरं राहतील. बाहेरच्या शिक्षकांना पाहुण्याचं खातं देता येतं. मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. तुम्हाला चालणार असेल तर एक मागवतो. पण तिथं तुमचं नाव असेल.

तिच्या नावाआडून आपण दोघं इतके दिवस बोललो. आता तसं जमणार नाही. रविवारी वळसंगला येतो. आजवर तुम्ही मला जावईबापू म्हणत आलात. आता काय म्हणावं कळलं नाही, तर नुसतं नाव घ्या.

तुमचा,
शिवराज